फिरती ऋणाग्रे आणि विद्युत् विच्छेदनाने धातुनिर्मिती : स्वयंचलनाचा एक विचार

प्रस्तावना

विद्युत् विच्छेदनाने धातू मिळविण्याची क्रिया शालेय पाठ्यपुस्तकात एका लहानशा आकृतीत मावते. काचपात्रात मोरचुदाचे द्रावण, त्यात बुडविलेल्या दोन पट्ट्या आणि बाहेर एक विद्युत् घट. ऋण टोकाला जोडलेल्या पट्टीवर, म्हणजे ऋणाग्रावर, तांब्याचा थर चढत जातो. तांबे, जस्त, निकेल यांचे कारखाने हे याच आकृतीचे विराट रूप होय. मात्र आकृतीत न दिसणारी एक गोष्ट कारखान्यात पदोपदी जाणवते. धातू ऋणाग्रावर साचला तरी तो तेथून काढावा लागतो, आणि हे काढणे हेच सर्वांत कष्टाचे, आम्लाच्या वाफाऱ्यात उभे राहून करावयाचे काम असते.

ऋणाग्र स्थिर न ठेवता फिरते ठेवले तर हे चित्र बरेच पालटते. प्रस्तुत लेखात फिरत्या ऋणाग्राचे कार्य कसे चालते, ते कोठे उपयोगी पडते आणि त्याचे स्वयंचलन करताना नेमके काय साधावे लागते, याचा विचार केला आहे. या विषयाकडे वळण्यास आमच्या प्रयोगशाळेतील एक फसलेला प्रयोग कारण झाला. काही वर्षांपूर्वी एका क्ष-किरण तपासणी केंद्रातून वापरलेले हायपोचे द्रावण आणून त्यातील चांदी परत मिळविण्याचा प्रयत्न विद्यार्थ्यांसह केला होता. पोलादी दंडगोल मोटरला जोडला, विद्युत् प्रवाह ठरवून दिला आणि यंत्र रात्रभर चालू ठेवून आम्ही घरी गेलो. सकाळी दार उघडताच कुजक्या अंड्यांचा वास आला. दंडगोलावर चांदीऐवजी काळा चिखल होता. मोटर मात्र इमानाने फिरत होती.

यंत्र आपोआप चालणे आणि क्रिया आपोआप योग्य रीतीने चालणे यांतील अंतर त्या सकाळी ध्यानात आले. पुढील विवेचन त्या अंतराविषयी आहे.

ऋणाग्र का फिरवावे?

फॅराडे यांनी १८३३-३४ च्या सुमारास मांडलेल्या नियमांनुसार साचणाऱ्या धातूचे वस्तुमान वाहिलेल्या विद्युत् भाराच्या प्रमाणात असते. एक अँपिअर प्रवाह एक तास वाहिला तर द्विसंयुजी तांबे १.१८६ ग्रॅम आणि चांदी ४.०२५ ग्रॅम साचते. यावरून असे वाटेल की उत्पादन वाढवावयाचे तर प्रवाह वाढवावा. परंतु प्रवाहाने मागितलेले आयन ऋणाग्रापर्यंत पोहोचले पाहिजेत. ऋणाग्राला लगटून द्रवाचा एक पातळ थर जवळजवळ निश्चल असतो आणि त्यातून आयनांना केवळ विसरणाने वाट काढावी लागते. हा विसरण थर ओलांडून प्रतिसेकंदास जितके आयन येऊ शकतात, तितकाच प्रवाह धातूच्या कामी लागतो. या कमाल प्रवाहाला सीमांत प्रवाह म्हणतात. त्याहून अधिक प्रवाह रेटला तर तो वाया जातो, एवढेच नव्हे तर अपाय करतो. आम्लधर्मी द्रावणात हायड्रोजन निघू लागतो, धातूचा थर खरखरीत, भुकटीसारखा किंवा काळपट होतो. हायपोच्या द्रावणात चांदी संपत आल्यावर थायोसल्फेटचेच क्षपण होऊन सल्फाइड बनते आणि उरलीसुरली चांदी काळ्या सिल्व्हर सल्फाइडच्या रूपात खाली बसते. आमच्या प्रयोगात हेच घडले होते.

विसरण थर पातळ करणे हा यावरील सरळ उपाय. द्रावण ढवळले की थर पातळ होतो. ऋणाग्रच फिरविले तर ढवळणे नेमके हवे त्या ठिकाणी, म्हणजे धातूच्या पृष्ठभागावर होते. दंडगोल आपल्या अक्षाभोवती फिरू लागला की अगदी मंद वेगालाच त्याच्या भोवतीचा प्रवाह संक्षुब्ध बनतो. रेनल्ड्झ अंक सुमारे २०० च्या पुढे गेला की पुरे. शिवाय लांबीच्या कोणत्याही ठिकाणी पृष्ठवेग तोच असल्यामुळे आयनांचा पुरवठा सर्वत्र सारखा होतो. १९५४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातील आयझेनबर्ग, टोबायस व विल्के यांनी या पुरवठ्याचे जे समीकरण दिले ते आजही अभियंते वापरतात. त्याचे सार असे की सीमांत प्रवाह पृष्ठवेगाच्या ०.७ या घाताच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट केला तर सीमांत प्रवाह सुमारे १.६ पट होतो.

एक उदाहरण घेऊ. १० सेंटिमीटर व्यासाचा दंडगोल मिनिटास ६०० फेऱ्या या गतीने फिरतो आहे आणि द्रावणात लिटरमागे एक ग्रॅम तांबे आहे. उपरोक्त समीकरणानुसार विसरण थराची जाडी सुमारे १३ मायक्रोमीटर येते आणि सीमांत प्रवाह दर चौरस मीटरला अंदाजे १५७ अँपिअर येतो. हाच दंडगोल न ढवळलेल्या द्रावणात स्थिर ठेवला तर थराची जाडी साधारण ०.२ मिलिमीटर धरता येते, आणि तेवढ्याच क्षेत्रफळावर दहा-अकरा अँपिअरहून अधिक प्रवाह उपयोगी पडत नाही. फिरण्याने सुमारे पंधरा पटींचा लाभ झाला. हा लाभ फुकट मात्र नाही. फिरविण्यास लागणारी शक्ती वेगाच्या २.७ या घाताने वाढते. वेग दुप्पट करण्यासाठी सुमारे साडेसहा पट शक्ती मोजावी लागते. म्हणून 'जितके जोरात तितके चांगले' हा नवशिक्याचा समज येथे फार लवकर महाग पडतो.

पूर्वपीठिका

ऋणाग्र फिरविण्याची कल्पना नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत इंग्लंडमध्ये एल्मोर बंधूंनी फिरत्या गाभ्यावर तांबे साचवून अखंड नळ्या बनविण्याची पद्धत विकसित केली. साचणारा थर घट्ट व गुळगुळीत राहावा म्हणून अकीकाचा दगड त्यावरून सतत घासत नेला जाई. पुढे शेरार्ड काउपर-कोल्स यांनी दाखविले की गाभा पुरेशा वेगाने फिरविला तर द्रावणाचे घर्षणच ते काम करते. दगडाची गरज उरत नाही. लोखंडावर जस्ताचा थर देण्याच्या 'शेरार्डायझिंग' या पद्धतीला याच गृहस्थांचे नाव लाभले आहे.

एडिसन यांनी आपल्या अल्कधर्मी विद्युत् घटासाठी निकेलच्या अतिपातळ कपच्या बनविताना असाच फिरता दंडगोल वापरला. त्यावर आळीपाळीने तांब्याचे व निकेलचे थर चढवून, तो जोड पत्रा कापून, मधले तांबे विरघळवून टाकले जाई. दोन द्रावणांत आलटूनपालटून बुडणारा हा दंडगोल, माझ्या मते, या क्षेत्रातील स्वयंचलनाचा एक आरंभीचा नमुना मानावयास हरकत नाही.

यानंतरच्या काळात फिरत्या ऋणाग्राचे दोन स्वतंत्र वंश वाढले. ते एकाच नावाखाली नांदत असले तरी त्यांचे हेतू निराळे आहेत, आणि हा भेद न ओळखल्यामुळे स्वयंचलनाच्या चर्चेत बराच गोंधळ होतो. पहिल्यात ऋणाग्र फिरते ते तयार धातू बाहेर वाहून आणण्यासाठी. दुसऱ्यात ते फिरते ते आयनांना आत ओढून आणण्यासाठी.

वर्ख वाहून आणणारा ड्रम

पहिल्या वंशाचे आजचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे तांब्याचा विद्युत् निक्षेपित वर्ख. संगणकापासून मोबाइलपर्यंत प्रत्येक उपकरणातील छापील मंडलफलकावर आणि लिथियम-आयन विद्युत् घटाच्या ऋण बाजूस हा वर्ख असतो. अमेरिकेत १९३० च्या दशकात तो प्रथम व्यापारी प्रमाणावर बनू लागला तेव्हा इमारतींमध्ये ओल प्रतिबंधक थर म्हणून त्याचा उपयोग होई. इलेक्ट्रॉनिकीचे युग यावयाचे होते.

याची रचना पाहण्याजोगी आहे. टायटेनियमचा पृष्ठभाग असलेला, पुरुषभराहून उंच ड्रम आडव्या अक्षावर निम्मा द्रावणात बुडून सावकाश फिरतो. त्याच्या खाली, सुमारे एक सेंटिमीटर अंतर राखून, वक्राकार धनाग्र असते. या अरुंद फटीतून उष्ण, आम्लयुक्त मोरचुदाचे द्रावण पंपाने वेगाने वाहविले जाते. ड्रमचा जो भाग द्रावणात शिरतो त्यावर तांबे साचू लागते, आणि तो दुसऱ्या बाजूने वर येईपर्यंत वर्ख हव्या त्या जाडीचा झालेला असतो. तांबे टायटेनियमला घट्ट चिकटत नाही. वर्ख सोलला जाऊन रुळावर गुंडाळत राहतो. वर्खाची ड्रमकडील बाजू आरशासारखी आणि द्रावणाकडील बाजू मंद, किंचित खडबडीत असते.

येथे ड्रमचा पृष्ठवेग मिनिटाला काही मीटर एवढाच असतो. ढवळण्याचे काम तो करीतच नाही, ते पंपाचे. त्यामुळे स्वयंचलनाचा मूळ नियम विलक्षण साधा होतो. वर्खाचे दर चौरस मीटर वजन हे प्रवाह भागिले ड्रमची रुंदी व पृष्ठवेग यांचा गुणाकार, या प्रमाणात असते. समजा, ड्रमची रुंदी १.३८ मीटर आणि प्रवाह ३५,००० अँपिअर आहे. ३५ मायक्रोमीटर जाडीच्या वर्खासाठी ड्रमचा पृष्ठभाग मिनिटाला सुमारे १.६ मीटर सरकला पाहिजे. १० मायक्रोमीटरसाठी सुमारे ५.६ मीटर. ड्रम किती खोल बुडाला आहे याला या सूत्रात स्थान नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. प्रवाह आणि वेग यांचे गुणोत्तर अचूक राखले की सरासरी जाडी राखली गेली. विद्युत् पुरवठा एक टक्का ढळला तर नियंत्रक त्याच प्रमाणात मोटरची गती बदलतो. एकदिश प्रवाह आणि मोटरची गती या दोन राशी फार अचूकपणे मोजता येतात, म्हणून हे नियंत्रण विश्वासार्ह ठरते.

अवघड भाग सरासरी जाडीचा नसून रुंदीभरच्या समतेचा असतो. धनाग्रावरील लेप एखाद्या पट्ट्यात झिजला, फटीत द्रावण एके ठिकाणी कमी वाहिले, की तेथे वर्ख पातळ होतो; आणि दहा मायक्रोमीटर जाडीच्या वर्खात, जो आपल्या केसाच्या काही अंश एवढाच असतो, अशी त्रुटी गुंडाळी घालताना सुरकुतीच्या रूपाने उघडी पडते. जिलेटिनसारखी सेंद्रिय पूरके आणि क्लोराइड आयन अत्यल्प प्रमाणात घालून स्फटिकांची वाढ आटोक्यात ठेवतात, पण ही पूरके क्रियेत खर्च होत जातात आणि त्यांचे मापन प्रवाहाइतके सोपे नाही. म्हणून सर्वाधिक स्वयंचलित कारखान्यातही वर्खाकडे पाहून 'आज द्रावण थकले आहे' असे सांगणाऱ्या जुन्या कामगाराचे महत्त्व टिकून असते.

तुलनेसाठी स्थिर ऋणाग्रांचे स्वयंचलन पाहावे. ऑस्ट्रेलियातील टाउन्सव्हिल येथील तांबे शुद्धीकरण कारखान्यात १९७८ मध्ये पोलादाची कायमस्वरूपी ऋणाग्रे वापरण्याची पद्धत सुरू झाली आणि ती पुढे जगभर पसरली. त्यात साधारण आठवडाभर तांबे साचू देऊन मग क्रेनने पट्ट्या उचलतात व यंत्राने पत्रे सोलतात. हेही स्वयंचलनच, परंतु ते क्रियेच्या बाहेरचे आहे. ड्रममध्ये निर्मिती आणि सोलणे एकाच हालचालीत होते.

मग तांब्याचे सगळेच उत्पादन फिरत्या ऋणाग्रावर का होत नाही? विद्यार्थी हा प्रश्न हमखास विचारतात. शुद्धीकरणाच्या द्रावणात लिटरमागे चाळीस-पन्नास ग्रॅम तांबे असते. तेथे चौरस मीटरला तीनशे अँपिअरच्या आसपास चालणाऱ्या स्थिर पट्ट्यांना आयनांची टंचाई फारशी भासत नाही. साध्या पट्ट्या दाटीने लावता येतात, त्यांना मोटर लागत नाही, धारवे लागत नाहीत. ज्या वस्तूला हजारो टनांनी बनवावयाचे तिच्यासाठी साधेपणाइतका मोठा गुण दुसरा नाही. फिरत्या ऋणाग्राला म्हणून दोन टोकांना जागा मिळाली. एका टोकाला अतिशय पातळ वस्तू, दुसऱ्या टोकाला अतिशय विरळ द्रावण.

विरळ द्रावणातील धातू

विद्युत् विलेपनाच्या कारखान्यांतील धुण्याचे पाणी, मंडलफलक कोरताना उरलेले द्रावण, छायाचित्रणातील हायपो या सर्वांत थोडाफार धातू असतो. एक्स-रे फिल्मचा वापर अंकीय प्रतिमांमुळे आता पुष्कळ घटला असला तरी इतर द्रावणे आहेतच. भारतात पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ अन्वये भूपृष्ठावरील जलाशयांत सोडावयाच्या सांडपाण्यात तांबे लिटरमागे ३ मिलिग्रॅमहून अधिक चालत नाही. विलेपनाचे लहान कारखाने चुना घालून धातूचा साका पाडतात. पाणी बरेचसे स्वच्छ होते, पण धातू विषारी चिखलाच्या रूपात शिल्लक राहतो आणि त्या चिखलाची विल्हेवाट हा नवा खर्च होऊन बसतो. फिरते ऋणाग्र तोच धातू धातूच्या रूपात परत देते. त्याचे आकर्षण यात आहे.

इंग्लंडमध्ये १९७० च्या दशकात विकसित झालेला 'इको-सेल' हा या वंशाचा प्रातिनिधिक घट होय. वेगाने फिरणाऱ्या दंडगोलावर तांबे जाणूनबुजून भुकटीच्या रूपात साचविले जाई आणि एक पाते ते सतत खरवडून काढी. भुकटी द्रावणाबरोबर वाहत जाऊन वेगळी होई. भुकटीचा खरखरीतपणा येथे दोष न ठरता गुण ठरला, कारण खरखरीत पृष्ठभागावर संक्षोभ वाढून आयनांचा पुरवठा गुळगुळीत दंडगोलापेक्षा पुष्कळ अधिक होतो. डी. आर. गेब व एफ. सी. वॉल्श यांनी १९८३ मध्ये फिरत्या दंडगोल-अग्राच्या विकासाचा जो आढावा प्रसिद्ध केला त्यात या परिणामाला महत्त्वाचे स्थान आहे. याच घटाच्या पुढील रूपात एका लांब दंडगोलाभोवती ओळीने कप्पे करून द्रावण एकातून दुसऱ्यात नेले जाई. प्रत्येक कप्प्याने उरलेल्यापैकी निम्मा धातू काढला तरी सहा कप्प्यांनंतर मूळच्या चौसष्टाव्या हिश्श्याएवढाच धातू उरतो.

आता स्वयंचलनाचा खरा प्रश्न येतो. वर्खाच्या ड्रममध्ये द्रावणाची संहती कायम राखलेली असते. विरळ द्रावणात ती क्षणोक्षणी घटत असते, आणि तिच्याबरोबर सीमांत प्रवाहही. वरील १० सेंटिमीटर व्यासाचा दंडगोल २० सेंटिमीटर लांब आहे आणि पिंपात लिटरमागे एक ग्रॅम तांब्याचे ५० लिटर द्रावण आहे असे समजू. गणिताने दर तीन तासांनी तांबे निम्मे होते. आरंभी सीमांत प्रवाह सुमारे १० अँपिअर, तीन तासांनी पाच, सहा तासांनी अडीच, बारा तासांनी जेमतेम ०.६ अँपिअर. पंधरा तासांनी लिटरमागे ३१ मिलिग्रॅम तांबे उरेल आणि सुमारे ४८ ग्रॅम तांबे हाती आलेले असेल, ज्याला फॅराडेच्या नियमानुसार ४१ अँपिअर-तास पुरतात. आम्ही केले तसे प्रवाह दहा अँपिअरवर कायम ठेवला तर पंधरा तासांत १५० अँपिअर-तास खर्च होतील. जवळजवळ तीन-चतुर्थांश वीज हायड्रोजन काढण्यात आणि थर बिघडविण्यात जाईल. रात्री घरी गेलेल्या माणसाला यातले काही दिसत नाही. घड्याळ लावून यंत्र बंद करणे हाही उपाय नव्हे, कारण प्रत्येक पिंपातील द्रावण निराळे.

यंत्राने काय ओळखावे?

प्रवाह कायम ठेवण्याऐवजी ऋणाग्राचा विभव कायम ठेवणे ही पहिली पायरी. द्रावणात एक संदर्भ-अग्र ठेवून त्याच्या तुलनेत ऋणाग्राचा विभव मोजावा आणि तो अशा मूल्यावर बांधून ठेवावा की जेथे धातू तर साचेल पण हायड्रोजन किंवा सल्फाइड निर्माण होणार नाही. मग संहती घटेल तसा प्रवाह आपोआप खाली येतो, आणि तो ठरावीक मूल्याखाली उतरला म्हणजे धातू संपत आला असे समजून यंत्र थांबवता येते. चांदीच्या पुनःप्राप्तीच्या चांगल्या यंत्रांत हेच तत्त्व असते. दुसऱ्या वेळी आम्ही या पद्धतीने प्रयोग केला तेव्हा दंडगोलावर पांढुरकी, हाताने सोलता येण्याजोगी चांदी मिळाली.

तथापि येथे एक फसगत संभवते. प्रवाह घटला तर संहती घटली, हे अनुमान पृष्ठभाग बदलला नाही तरच खरे. थर खरखरीत होऊ लागला की त्याचे क्षेत्रफळ व संक्षोभ दोन्ही वाढतात आणि प्रवाह चढतो. नियंत्रक समजतो की द्रावणात धातू वाढला! अशा वेळी दुसरा साक्षीदार हवा. तो मोटरमध्येच असतो. खरखरीत दंडगोलाला फिरविण्यास अधिक आघूर्ण लागते, म्हणून गती तीच असताना मोटरने घेतलेली शक्ती वाढली तर पृष्ठभाग बिघडतो आहे असे ओळखावे. मोटरची शक्ती मोजण्यास वेगळा संवेदक लागत नाही. गती नियंत्रित करणारे उपकरणच ते सांगते. या सोप्या खुणेकडे पुष्कळदा दुर्लक्ष होते असे वाटते.

फिरण्याची गती हीसुद्धा मोजमापाचे साधन होऊ शकते. विभव स्थिर ठेवून गती काही क्षण दहा टक्के वाढवावी. प्रवाह सुमारे सात टक्के वाढला तर क्रिया आयनांच्या पुरवठ्यावर अडली आहे, म्हणजे आपण सीमांत प्रवाहावर आहोत. प्रवाह हलला नाही तर अडचण पुरवठ्यात नाही आणि गती वाढविण्यात अर्थ नाही. उलट ती कमी करून वीज वाचविता येईल. स्थिर ऋणाग्राला अशी चाचणी देता येत नाही. फिरत्या ऋणाग्राने नियंत्रकाच्या हाती एक जादा कळ दिली आहे, आणि ती केव्हा फिरवावी हे ओळखणे हाच या स्वयंचलनाचा गाभा होय.

क्रमालाही महत्त्व आहे. सुरू करताना आधी फिरणे, मग द्रावणाचा प्रवाह, मग वायुवीजन आणि सर्वांत शेवटी विद्युत् प्रवाह. थांबविताना याच्या उलट. समजा, चालू यंत्रात मोटरचा पट्टा तुटला. सीमांत प्रवाह काही सेकंदांत पंधरापट खाली येतो, परंतु कायम प्रवाहावर बांधलेला विद्युत् पुरवठा पूर्वीइतकाच प्रवाह रेटत राहतो. साराच्या सारा हायड्रोजन निघू लागतो, आणि हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले की ठिणगीचे भय. म्हणून फिरण्याची खूण मोटरच्या कळेवरून न घेता दंडगोलाच्या आसावरून घ्यावी आणि ती थांबताच प्रवाह तोडणारी जोडणी संगणकावर विसंबून न ठेवता थेट तारेने करावी. संदर्भ-अग्राबाबतही असेच. त्याची सच्छिद्र चकती गाळाने बुजली तर नियंत्रकाला खोटा विभव दिसतो. विभवाच्या बरोबरीने घटाच्या एकूण विद्युत् दाबावर एक वरची मर्यादा घालून ठेवणे हा यावरील स्वस्त बंदोबस्त होय.

फिरणाऱ्या भागांची दुखणी

फिरत्या वस्तूत विद्युत् प्रवाह पोहोचविणे हे कागदावर एका रेघेचे आणि कारखान्यात रोजच्या कटकटीचे काम आहे. कार्बन किंवा धातुमिश्रित ब्रश फिरत्या कड्यावर टेकतात. ५,००० अँपिअर प्रवाह वाहताना या स्पर्शात ०.२ व्होल्ट जरी उतरला तरी एक किलोवॉट उष्णता तेथे निर्माण होते. आम्लाचा वाफारा कड्याला गंजवितो, विरोध वाढतो, उष्णता आणखी वाढते. ब्रश व कडे यांमधील दाब सतत मोजून वाढू लागताच सूचना देणारी व्यवस्था असली तर झीज वेळेवर कळते. धारवे व आसाची सील द्रावणाच्या पातळीच्या वर ठेवावीत. उभा दंडगोल वरून टांगला तर हे सहज साधते, आणि लहान घटांत बहुधा हीच रचना दिसते.

लहान उद्योगाच्या दृष्टीने

पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर या औद्योगिक पट्ट्यांत विद्युत् विलेपनाचे कितीतरी लहान कारखाने आहेत. त्यांना इतके सारे परवडेल काय? वीस वर्षांपूर्वी याचे उत्तर नकारार्थी द्यावे लागले असते. आज गती बदलणारे मोटर-नियंत्रक व सूक्ष्मनियंत्रक पुष्कळ स्वस्त झाले आहेत. विभव, प्रवाह, मोटरची शक्ती आणि तापमान या चार राशी नोंदविणारी व्यवस्था अभियांत्रिकीचे विद्यार्थीही एका सत्रात उभी करू शकतात. कारैकुडी येथे १९४८ मध्ये पायाभरणी झालेल्या केंद्रीय विद्युत्‌रसायन संशोधन संस्थेसारखी संस्था देशात आहे, तेव्हा जाणकारांची वाण नाही.

एका गोष्टीची स्पष्ट कल्पना मात्र उद्योजकाला आधीच द्यावयास हवी. फिरते ऋणाग्र एकट्याने पाणी कायद्याच्या मर्यादेपर्यंत आणून देणार नाही. लिटरमागे ३ मिलिग्रॅम संहतीला आपल्या दंडगोलाचा सीमांत प्रवाह चौरस मीटरला अर्धा अँपिअरसुद्धा भरत नाही. तेथवर जाण्यासाठी मोटर फिरवीत बसणे म्हणजे चार आण्याच्या कोंबडीला बारा आण्याचा मसाला. लिटरमागे तीस-पन्नास मिलिग्रॅमपर्यंत विद्युत् विच्छेदन आणि त्यापुढे आयन-विनिमय रेझीन, अशी वाटणी व्यवहार्य आहे. रेझीन भरले म्हणजे ते आम्लाने धुवावे. त्यातून निघणारे तुलनेने संहत द्रावण पुन्हा ऋणाग्राकडे येते. नियंत्रकाने यंत्र कोठे थांबवावे हा आकडा या वाटणीवरून, म्हणजे विजेचा दर, रेझीनची किंमत आणि धातूचा बाजारभाव यांवरून ठरतो, आणि बाजारभाव बदलला की तोही बदलावा लागतो. आमच्या प्रयोगशाळेतील यंत्रावर हा आकडा अजून एका कागदाच्या चिठ्ठीवर लिहून चिकटविलेला आहे. चांदीचा भाव पाहून दर सत्राच्या आरंभी प्रयोगशाळा साहाय्यक तो खोडून नवा लिहितात.